भीमाबाई रणपिसे, ठाकुर्ली

आमच्या ग्रुपमध्ये दोन प्रकारची माणसं होती. ज्यांचं पत्र टीव्हीवर वाचलं गेलं ती, आणि उरलेली. पहिल्या प्रकारची माणसं ओळख करून देताना नावापुढे तारीख सांगायची. "मी शिवानी, कल्याण, बारा मार्च दोन हजार सोळा." नवख्या माणसाला वाटावं, ही जन्मतारीख सांगतेय आणि वय चोरतेय.

माझ्याकडे तारीख नव्हती. मला ती नकोच होती म्हणा. हवी होती ती माझ्या आईला.

'जागे आहात ना' हा कार्यक्रम रात्री साडेअकराला लागायचा. सहदेव कामेरकर खुर्चीत बसून पाहुण्यांशी गप्पा मारायचे. नट यायचे, डॉक्टर यायचे, एकदा विहिरी खणणारा आला होता आणि तो सगळ्यांत छान बोलला होता. शेवटची पाच मिनिटं मात्र पाहुणा नसायचा. कामेरकर खिशातून एक पोस्टकार्ड काढायचे, वाचायचे, पाठवणाऱ्याचं नाव आणि गाव घ्यायचे आणि मग त्या एकाच माणसाशी बोलायचे, बाकीचा महाराष्ट्र झोपलाय असं धरून. ईमेल चालायचा नाही, मेसेज चालायचा नाही. पोस्टकार्डच. एकोणीस वर्षं हे असं चाललं आणि परवाच्या शुक्रवारी संपलं. "आता मलाही लवकर झोपायचंय," एवढंच कारण त्यांनी दिलं.

माझी आई भीमाबाई रणपिसे, वय एक्याऐंशी. वडील रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी आईला नोकरी मिळाली, कल्याण यार्डात गाड्या धुण्याची, तीही बहुतेक रात्रपाळीची. बावीस वर्षं ती रात्रीची जागली आणि निवृत्त झाली तरी तिची झोप काही परत आली नाही. मग तिला हा कार्यक्रम सापडला. लिहायला ती पंचावन्नाव्या वर्षी शिकली होती, विहारात संध्याकाळी वर्ग भरायचा तिथे. पेन तिच्या हातात कधी रुळलं नाही, ती पेन्सिलीने लिहायची, जोर देऊन, कार्डाच्या मागच्या बाजूला उमटेल इतका. वर्षातून दोन-तीन कार्डं लिहायची आणि माझ्याकडे द्यायची. "शाळेत जाताना टाक गं पेटीत." मी कल्याणला शाळेत मराठी शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे आम्ही दोघीच घरात.

एकोणीस वर्षांत तिचं नाव एकदाही आलं नाही. आमच्या मागच्या चाळीतल्या गंगुबाईंचं आलं, त्यांनी तर एकच कार्ड पाठवलं होतं आणि त्यात निम्मी तक्रार जावयाची होती.

शुक्रवारी शेवटच्या भागाला आई नवं लुगडं नेसून बसली. कामेरकरांनी शेवटचं कार्ड काढलं, ते सांगलीच्या एका शिंप्याचं होतं. आईने ते शेवटपर्यंत ऐकलं, उठून टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "त्यांच्याकडे ढिगानं येत असतील." मला इतका राग आला की पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. राग कामेरकरांचा. एका म्हाताऱ्या बाईचं नाव घ्यायला काय जात होतं या माणसाचं?

म्हणून मी रविवारी ठाण्याला, नौपाड्यातल्या निरोपाच्या सभेला गेले. चाहत्यांच्या ग्रुपवर, तो चालवणाऱ्या प्रियांकाने टाकलं होतं की सर स्वतः येणारेत. मी ठरवून गेले होते: फोन रेकॉर्डिंगला लावून पुढे धरायचा आणि सांगायचं, फक्त म्हणा, 'भीमाबाई रणपिसे, ठाकुर्ली.' बाकी काही नको. तीन शब्दांसाठी वेळ नाही असं तोंडावर तर सांगणार नाहीत.

सभा एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये होती. पन्नासेक माणसं आली होती. तारीखवाले आपोआप पुढच्या रांगेत बसले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. बोलणं सुरू झालं. शिवानी नर्स आहे, ती म्हणाली की रात्रपाळीला तिच्या वॉर्डातले पेशंट आवाज बारीक करून कार्यक्रम लावायचे आणि ती न दिसल्यासारखं करायची. उत्तम साळवी परिवहनच्या बसवर कंडक्टर होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मिसेस गेली तेव्हा मी सरांना कार्ड लिहिलेलं. त्यांनी ते वाचलं आणि मग काहीच बोलले नाहीत, अर्धा मिनिट नुसते बसून राहिले माझ्यासोबत. घरी आलेल्या नातेवाइकांनी एवढं केलं नव्हतं." आणि ते खाली बसले. मला त्यांचं वाईट वाटलं आणि हेवाही वाटला, खोटं कशाला सांगू.

मागच्या रांगेतला एक तरुण म्हणाला, "बट लास्ट दोन वर्षं शो डाउन गेलेला यार, मानना पडेगा." सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले की बिचाऱ्याने हातातल्या वड्यात तोंड खुपसलं.

पाच वाजले तरी कामेरकर आले नाहीत. आला तो साठीचा एक माणूस, खांद्यावर गोणपाटाची पिशवी घेऊन. प्रियांकाने त्याची ओळख करून दिली. मारुती भोईर, डोंबिवलीजवळच्या गावचे, कार्यक्रमाच्या ऑफिसात सुरुवातीपासून पत्रं लावायचं काम करायचे. ते माइकजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "सायब येनार नाय. सायबांचा आवाज गेलाय. गळ्याचं ऑपरेशन झालं काल. डॉक्टर बोललाय, आता परत येल का नाय सांगता येत नाय. त्यांनी तुमाला कुनाला सांगायचं नाय बोलले होते, पन मी सांगतो. तुमी घरचीच मान्सं."

साळवींनी चष्मा काढून पुसायला घेतला. माझ्या हातात फोन होता, तो मी पर्समध्ये टाकला. त्या माणसाचा आवाज गेला याचं दुःख मला झालं, पण ते दुसरं. आधी मला आठवलं ते आईचं नाव, आणि ते आता कधीच येणार नाही हे. माणूस असा असतो, निदान मी तरी अशी आहे.

भोईरांनी पिशवी उघडली. साहेबांनी सांगितलं होतं, ठाण्या-कल्याणकडची पत्रं ज्याची त्याला परत द्या, रद्दीत जायला नकोत. गावागावाचे गठ्ठे लावून रबर घातलेले होते. त्यांनी नाव पुकारलं, "भीमाबाई रणपिसे, ठाकुर्ली," आणि मी उठून गेले. ज्या तीन शब्दांसाठी आले होते ते असे माझ्या कानावर पडले, पत्रं लावणाऱ्या माणसाच्या तोंडून, आणि आई तिथे नव्हती.

गठ्ठा चांगला जाड होता. त्यावर एक चिठ्ठी होती, बारीक तिरक्या अक्षरात: 'लिहून घेतलेली. वाचू नयेत.'

"हे काय?" मी विचारलं.

"सायबांचा नियम होता बाई. जो बोलतोय त्याच्या हातचं असंल तर वाचायचं. मोडकंतोडकं चालंल. दुसऱ्याकडून लिवून घेतलेलं बाजूला ठेवायचे. बोलायचे, यात मानूस ऐकू येत नाय." त्यांनी गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उलटून मला दाखवलं. "या बाईंची कार्डं मना चांगली ठाऊक हायेत. सायब दर खेपेला हातात घ्यायचे. बोलायचे, मारुती, ही बाई कोन असंल? ही मास्तरीन तिला बोलूच देत नाय."

कार्डावरचं अक्षर माझं होतं.

हे मी इथवर सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटतच नव्हतं. आईचं कार्ड मी शाळेत न्यायचे, ऑफ तासाला एक कोरं कार्ड घ्यायचे आणि शाईच्या पेनाने नीट उतरवून काढायचे. उतरवताना सुधारायचे. आईच्या नावाने असलं गिरमिटलेलं कार्ड टीव्हीवर दाखवलं तर लोक काय म्हणतील, शिक्षिकेची आई, असं मनात यायचं. तिच्या भल्यासाठी करतेय असंही वाटायचं, चांगल्या अक्षरातलं पत्र कुणीही आधी उचलेल. मुलांच्या वह्या तपासून तपासून मला दुसऱ्याचं काही जसंच्या तसं राहू द्यायची सवयच उरलेली नव्हती. पेन्सिलीचं कार्ड मी फाडून टाकायचे.

मी तिथेच एका खुर्चीत बसून गठ्ठा सोडला. 'माननीय महोदय, आपला कार्यक्रम अत्यंत उद्बोधक असून आम्हां ज्येष्ठ नागरिकांस त्यातून मोलाचे मार्गदर्शन लाभते.' दुसरं काढलं. तेच. तिसरं, तेच, फक्त 'मार्गदर्शन'च्या जागी 'प्रेरणा'. वाचून मला शिसारी आली. माझ्या वर्गातल्या एखाद्या पोराने असा निबंध लिहिला असता तर मी त्याला परत लिहायला लावला असता.

भोईर शेजारी उभे होते. "बाईंना दाखवा," ते म्हणाले. "खूश व्हतील."

मी हो म्हटलं.

स्टेशनकडे चालताना मी आईची खरी पत्रं आठवायचा प्रयत्न करत होते. एकात तिने लिहिलं होतं की यार्डात धुताना डब्यात लहान मुलाची एक चप्पल सापडली, ती जमा केली नाही, अजून पेटीत आहे, चुकलं का. मी ते गाळलं होतं. चोरी कबूल केल्यासारखं दिसतं म्हणून. एकात होतं की नवरा जिवंत असताना मी त्याच्याशी फार भांडले, आता भांडायला कुणी नाही. तेही गाळलं. आणि एक गोष्ट सगळ्या पत्रांत होती, वेगवेगळ्या शब्दांत पण तीच. 'साहेब माझी पोरगी लय शिकली. घरात आस्ती पन माझ्याशी बोलत नाही. कामापुरतं बोलती. तुमी रोज बोलता म्हनून बरं वाटतं.'

ती ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला राग आला होता. बाहेरच्या माणसाला घरातलं सांगते म्हणून. दुसऱ्यांदाही आला. पुढे पुढे डोळ्यांना तिची सवय झाली, उतरवताना मी ती ओळ सोडून खालच्या ओळीवर जायचे. अशा एखाद्या दिवशी घरी गेल्यावर आईशी दोन शब्द जास्त बोलावेत, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. खरंच आलं नाही.

घरी पोचले तेव्हा आई ओट्याशी पाट घेऊन मेथी निवडत बसली होती.

"भेटले का गं ते?"

"नाही आले. त्यांचा आवाज गेलाय, आई. घशाचं ऑपरेशन झालं."

"अगं बया." तिचा हात थांबला. "किती बोलला असंल तो मानूस. दमला असंल गळा."

मी तिच्यासमोर खाली बसले. सांगायचं नाही असं गाडीत ठरवलं होतं. या वयात कशाला तिला त्रास, वगैरे स्वतःला समजावलं होतं. पण ती कामेरकरांसाठी हळहळत होती, आणि ज्या माणसाने तिचं नाव घेतलं नाही त्याचा दोष नव्हता हे तिला न सांगणं मला जमेना. मी पर्समधून गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. उतरवणं, सुधारणं, फाडणं. तो नियम. चिठ्ठी. मध्ये कुठे थांबले नाही, थांबले असते तर पुढे गेले नसते.

आईने एक कार्ड डोळ्यांजवळ धरलं. ओठ हलवत थोडं वाचलं. "हे मी न्हाई बोलले," ती म्हणाली. ओरडली नाही, रडली नाही. चुकून दुसऱ्याचं टपाल आलं असावं तसं ते तिने बाजूला ठेवलं.

"माझी सगळी फाडलीस?"

"हो."

"फाडायच्या आदी वाचायचीस?"

"हो."

"सगळं वाचायचीस? तुझ्याबद्दल लिवायची, ते बी?"

मी मान हलवली.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. आता मला वाटतं, इतका वेळ आम्ही एकमेकींकडे आधी कधी बघितलंच नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "म्हंजे तुला ठावं होतं. मला वाटायचं, पोरीला ठावंच न्हाई, म्हनून बोलत न्हाई."

यावर तरी मी काही बोलायला हवं होतं. मी मेथीची जुडी पुढे ओढली आणि निवडायला लागले.