वाटणारीचा वाटा

मित्रांनो, मी एक जुनी अधोली आहे, म्हणजे पायलीच्या निम्मं धान्य मोजायचं लाकडी माप. आज घाटघरच्या एका घरात माझ्यात कोंबड्यांचा कोंडा ठेवतात. ठेवू देत बापडे. जुन्नरच्या सुतारानं मला शिसवाच्या ओंडक्यातून कोरलं आणि काठाला लोखंडी कडं ठोकलं, ते काय कोंड्यासाठी?

माझी पहिली मालकीण अंबाबाई. तिच्या खळ्यावर मी भात मोजायची. जो वाटणी करेल त्यानं आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा, ही तिथली रीत. त्यामुळे लबाडीला जागाच नसे. "अंबाबाईची अधोली खोटं बोलत न्हाई," असं लोक म्हणत आणि मी फुगून जाई.

मग तिचा थोरला मुलगा चिमाजी प्लेगात गेला. मागं राहिली त्याची बायको सोनीबाई आणि तान्ही लेक. धाकटे दोघे, सोमाजी आणि भिमाजी, वेगळं व्हायचं म्हणू लागले. भाताचे वाटे दोनच करायचे आणि वहिनीला माहेरी डिंगोऱ्याला धाडायचं, असं त्यांचं ठरलं होतं. पण त्यांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता. माप कोणी धरायचं यावरून खळ्यातच जुंपली. भिमाजीनं कोयता उचलला.

"सोनीला वाटू द्या," अंबाबाई म्हणाली. "ती कुनाचीच बाजू घ्यायची न्हाई."

दोघेही कबूल झाले.

पहिल्या मापाला आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. सोनीबाईनं 'लाभ' म्हटलं. एक अधोली तिनं सोमाजीच्या बाजूला ओतली, एक भिमाजीच्या. तिसरी ओतली आपल्या पायाशी.

"वैनी, वाटे दोनच," भिमाजी म्हणाला. कोयता अजून त्याच्या हातातच होता.

सोनीबाईनं मला खाली ठेवलं नाही. "भावजी, वाटनाऱ्यानं शेवटी घ्यायचं, ही आपलीच रीत हाय. तुमी दोगं आदी निवडून उचला, मी शेवटी घ्येते. पर शेवटी म्हंजी न्हाईच, असं कुटं हाय?"

सोमाजीनं आईकडे पाहिलं. अंबाबाई उठली आणि त्या तिसऱ्या ढिगाशेजारी जाऊन बसली.

"माजी भाकर आता हितं," ती म्हणाली.

भिमाजीनं कोयता कुडात खोचला आणि तो टोपली आणायला गेला. रास संपेपर्यंत मी तिन्हीकडे सारखी रिकामी झाले.

आता माझं कडं सैल झालंय, बुडाला चीर गेलीय. मला चुलीत घालू नका, एवढी विनंती. आणि मित्रांनो, कुठं वाटणी झाली, तर आपला वाटा उचलून निघण्याआधी एकदा मागं वळून पाहा. ज्यानं वाटलं, त्याच्यापुढं काही उरलंय का?