जाळलेल्या गाडीचं पान

गावाच्या मुंबई मंडळाची स्मरणिका निघायची होती. चिटणीस अनिलने ‘आपला उठाव’ हे पान माझ्याकडे दिलं. मी पोलादपूरला रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे चुका होणार नाहीत, असा मंडळाचा समज.

उठाव म्हणजे एवढाच: बत्तीस वर्षांपूर्वी मुक्कामी एसटीच्या पाटीवर आमच्याऐवजी पलीकडच्या वाडीचं नाव आलं. गाडी रात्री उभी राहायची आमच्याच गावात. तरी अपमान झाला म्हणून दोनशे जणांनी ती जाळली. पुढे सहा वर्षं हेच लोक पोलादपूरपर्यंत अकरा किलोमीटर चालत गेले, ताठ मानेनं.

मागच्या स्मरणिकेत छापलं होतं, ‘जनतेच्या संतापाने गाडी पेटली. वाहक पळून गेला.’ संतापाचा ज्वलनांक मला ठाऊक नाही. डिझेल मात्र नुसत्या काडीनं पेटत नाही. रॉकेलचे बोळे लागतात, आणि ते कुणीतरी घरून भिजवून आणावे लागतात.

वाहक चांगू आमच्याच गावचा. तो गेल्याला चार वर्षं झाली. त्याची बायको रखमा माझ्याकडे आली.

“तो पळाला नाय गो बाय. आत सात माणसं व्हती, ती उतरवली त्यानं. हात भाजले ते मरेपर्यंत वाकडे. आणि पोरं त्याला पळपुट्या म्हणायची. तेवढं एक वाक्य बदल.”

मी अनिलला फोन केला.

“मॅडम, चांगूकाकांचं टाकू, नो प्रॉब्लेम. पण मग लोक विचारणार, पेटवली कोणी? उठावाचे पुढारी महिपतीदादाच प्रकाशनाला चीफ गेस्ट आहेत. खालीपिली इश्यू होईल. त्यांची सही आणा, मग छापतो.”

गावात सगळ्यांना ठाऊक होतं, तेच मी दोन वाक्यांत लिहिलं आणि महिपतींकडे गेले.

‘गाडी महिपतींनी स्वतःच्या हातानं पेटवली. वाहक चांगू यांनी सात प्रवाशांना बाहेर काढलं आणि त्यात त्यांचे हात कायमचे निकामी झाले.’

ते कागद फाडतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी पहिलं वाक्य बोट ठेवून दोनदा वाचलं.

“इतकी वर्सं जनता, जनता लिवतायत. बोळे मी भिजवले. जनता मागं राहून शिट्ट्या मारत व्हती.” त्यांनी सही ठोकली. “फोटो पण टाका. कोटातला.”

मी रखमाला सही दाखवली.

“म्हाताऱ्याला वाचता येतं ना गो?”

“पहिल्या वाक्यापुरतं येतं.”

“मग दुसरं मोठ्या अक्षरात घाल,” ती म्हणाली.