साठ किलोंचा नाल

उचगावात हंबीरराव वस्तादांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गावोगाव फिरणाऱ्या एका महाराजांनी घातलेल्या भगव्या मंडपाखाली वस्तादांचा तालमीतला दगडी नाल दोराला बांधला होता; दोराचं दुसरं टोक वरच्या कापडाआडून खाली सोडलं होतं. साठ किलोंचा. तो उचलताना भल्याभल्या पैलवानांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. वस्ताद जाऊन महिना झाला होता, आणि आज त्यांची म्हातारी बायको अंबूबाई एकटी तो दोर ओढत होती.

नाल मातीतून सुटला. वरून कुणीतरी कण्हलं.

"ऐकलंसा? वस्तादच जोर लावतोय की," महाराज म्हणाले. "आत्म्याला वजन नसतंय, पण ताकद असतीया."

पैलवानांनी माना खाली घातल्या.

"त्यांचाच आवाज हाय," अंबूबाई रडत म्हणाली.

सून स्वप्नालीच्या अंगावर काटा आला. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तरी महिनाभर रिकाम्या पडवीतून तिलाही सासऱ्यांचं कण्हणं ऐकू आल्याचा भास व्हायचा.

"आता सुनेची पाळी," महाराज म्हणाले. " लग्नाला वरीस झालं न्हाय तवर सासरा गेला. पाय पांढरा हाय का, वस्तादच सांगंल. एक वीत ओढायचं. नाल उठला तर घरात, न्हायतर माहेरी."

स्वप्नालीनं नवऱ्याकडे बघितलं. धैर्यशील मातीकडे बघत होता.

तिनं वीतभर ओढलं. नाल हलला नाही.

"सोड दोर," महाराज म्हणाले.

पण दोर हातात सैल आला होता. भार लागलाच नव्हता. मघाशी सासूच्या पायाशी चार हात दोर साठला होता, नाल मात्र जेमतेम हातभर उठलेला.

"आत्यांनी ढीगभर ओढला. मला वीतच का?" म्हणत ती ओढत राहिली. दोर ताठ झाला, वरचं कण्हणं सुरू झालं, नाल उठला.

"पोरगी निर्मळ हाय," महाराज घाईनं म्हणाले.

अंबूबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. इथं थांबली असती तर स्वप्नाली सुटली असती. पण महाराज पुढच्या गावी जाणार होते, आणि तिथंही कुणाची तरी सून असणार होती.

"अहो, शिडी आणा," नाल खाली टेकवत ती नवऱ्याला म्हणाली.

धैर्यशीलनं शिडी लावून मंडपाचं कापड सोडलं. वर चार कप्प्या होत्या: दोन वाशाला घट्ट, दोन नालाच्या दोराला.

"नाल चार पदरांवर लटकलाय," स्वप्नाली म्हणाली. "पदराला पंधरा किलो. म्हणून हाताला पंधराच्या आसपासच लागतात, पण दोर चौपट ओढावा लागतो. वीतभरानं नुसती ढील निघते."

"साठ किलो म्हंजी कमरंत साठच येणार, एवढंच आमास्नी ठावं," ज्ञानू पैलवान ओशाळून म्हणाला. "वर कोन बघतंय?"

महाराज चपला शोधू लागले. ज्ञानूनं दंडाला धरून त्यांना खाली बसवलं.

"मग कण्हत कोन हुतं गं?" अंबूबाईनं विचारलं.

स्वप्नालीनं शिलाई मशीनचं तेल आणलं. शिडी चढून प्रत्येक कप्पीत दोन थेंब सोडले. "ओढा, आत्या."

अंबूबाईनं ओढलं. नाल उठला. आवाज आला नाही. दोर धरून ती बराच वेळ कान देऊन उभी राहिली.

"गेलेच की गं ते."

"गेले," स्वप्नालीनं आपलाही हात दोराला लावला. "आता कुणी त्यांच्या नावानं काही उचलून दाखवलं, तर मान खाली घालायच्या आधी वर बघायचं. आणि दोर मोजायचा."