जोसीला कोण सांभाळणार?

चर्चच्या तळघरात सकाळपासून शिक्षिका पावाला शेंगदाण्याचं लोणी फासत होत्या, आणि व्हर्ना स्टॉलनेकरचा हात काही धड चालत नव्हता. तिनं एका पिशवीत दोन सफरचंदं टाकली आणि पुढचीत टाकायलाच विसरली. संपाचा दुसरा दिवस होता. शाळा बंद म्हणजे शाळेतलं जेवणही बंद, आणि या डोंगरातल्या निम्म्या पोरांना दिवसाचं पोटभर जेवण तेवढंच मिळायचं. म्हणून संप करायचा तर आधी पोरांच्या डब्याची सोय करायची, ही इथली रीत. मागे पगारासाठी संप झाला तेव्हाही असंच केलं होतं. या वेळचा संप मात्र पगारासाठी नव्हता, घराघरातल्या बंदुकांवरून होता.

"व्हर्नाबाई, एका पोराला दोन फळं आणि दुसऱ्याला नुसता कागदी रुमाल?" चौथीला शिकवणारी केल्सी रिफल पिशव्या बांधता बांधता म्हणाली. पोरगी कामाला वाघ, पण तोंडाला लगाम नाही. "लक्ष कुठंय तुमचं?"

"तू तुझं बघ."

"माझं बघतेच आहे. पण खरं सांगा, तुम्ही यंदा संपात कशा? मागच्या वेळी तुम्हाला अक्षरशः ओढून आणावं लागलं होतं. आणि परवा सभेत सगळ्यांच्या आधी हात वर! मी तर डोळे चोळून पाहिलं."

व्हर्नानं पुढची पिशवी ओढली. तिच्या घरातही दोन रायफली होत्या. तिचा नवरा ऑर्विल दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायचा, आणि शिकारीचा हंगाम उघडला की त्या आठवड्यात शाळेलाच सुट्टी असायची. "शिकारीसाठी शाळा बंद ठेवली तर कुणाची तक्रार नाही," तो काल चहा ढवळत म्हणाला होता, "आणि तुम्ही दोन दिवस बंद ठेवलीत तर केवढी बोंब!" मग आपण संपाच्या बाजूनं बोललो की काय, असं वाटून त्यानं घाईनं चहा तोंडाला लावला.

मागणी खरं तर साधी होती. ज्या घरात लहान मूल आहे त्या घरातली बंदूक कुलपात असावी, एवढंच विधानसभेपुढचं एक विधेयक म्हणत होतं. पण ते ज्या समितीकडे होतं तिचे अध्यक्ष आमदार गार्लंड टीटर ते चर्चेलाच घेत नव्हते. शिक्षकांनी पोरांना लिहायला-वाचायला शिकवावं, लोकांच्या घरात नाक खुपसू नये, असं ते रेडिओवर बोलले होते.

"हा टीटर हलेल असं वाटतं तुम्हाला?" केल्सीनं विचारलं. "पगाराचं वेगळं होतं. पगार काही त्यांच्या खिशातून जात नाही. बंदुकीला हात लावला की मतं जातात."

"माहीत नाही गं," व्हर्ना म्हणाली, आणि तिनं पिशव्यांचं खोकं उचललं.

गार्लंड टीटरला तिच्याइतकं कोण ओळखणार? ती शिक्षिका झाली त्या वर्षीच्या दुसरीच्या वर्गात तो होता. पुढे त्याची मुलगी ऱ्होडा तिच्याच वर्गात शिकली, आणि आता ऱ्होडाची जोसी तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी बसत होती.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारचा शेवटचा तास पोरांच्या आवडीचा असतो. प्रत्येकानं घरून एक वस्तू आणायची, वर्गापुढे उभं राहून ती दाखवायची आणि तिच्याबद्दल चार वाक्यं बोलायची. एकीनं पडलेला दात आणला होता, एकानं हरणाचं शिंग. मग जोसी उभी राहिली आणि तिनं लोकरीच्या मोज्यातून एक छोटं पिस्तूल बाहेर काढलं. "हे आजोबांनी आईला दिलंय," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "कारण आई एकटी असते आणि जगात वाईट माणसं असतात."

"फार छान सांगितलंस," व्हर्ना म्हणाली. "आण बरं ते माझ्याकडे. हळू. आता कोणाची पाळी?" पिस्तूल तिनं टेबलाच्या खणात ठेवलं, खणाला कुलूप लावलं आणि पुढच्या पोरानं आणलेला शंख कानाला लावून पाहिला. शाळा सुटल्यावर तिनं खण उघडून पाहिलं. पिस्तूल भरलेलं होतं.

नियमाप्रमाणे तिनं तिथल्या तिथे वर कळवायला हवं होतं. पण शाळेत हत्यार आणणाऱ्या मुलाला वर्षभर शाळेबाहेर काढायचं, असाही नियमच होता. मग सात वर्षांच्या पोरीला वर्षभर कुठं बसवायचं? ज्या घरात ते पिस्तूल होतं तिथंच ना? व्हर्नानं वर कुणालाही न कळवता गार्लंडला फोन केला. तो शाळेमागे गाडी लावून आला, मोजा हातात घेतला आणि रडला. "बाई, आजच्या आज कुलपात जाईल. शब्द देतो." तिला वाटलं, आता हा माणूस आपणहून विधेयक पुढे आणेल. शब्द त्यानं घरापुरता पाळला आणि विधेयक तसंच दाबून ठेवलं. त्या दिवसापासून व्हर्नाला धड झोप नव्हती.

ऱ्होडाचं घर ओढ्याच्या कडेनं वर जाणाऱ्या वाटेच्या टोकाला होतं. पिशव्या वाटत व्हर्ना तिथं पोचली तेव्हा जोसीनंच दार उघडलं, पायात दोन वेगवेगळे मोजे घालून. "हळू बोला हं, बाई. आई झोपलीय. रात्रपाळी होती." ऱ्होडा गावातल्या वृद्धाश्रमात रात्री काम करायची आणि सकाळी जोसीला शाळेच्या बसमध्ये बसवून झोपायची.

"मग तू काय करतेस एकटी?"

"टीव्ही. आवाज बंद करून." जोसीनं पिशवीत डोकावून पाहिलं. "दोन सफरचंदं! बाई, तुम्हाला एक गंमत दाखवू? आजोबांनी लोखंडाची पेटी आणलीय. आकड्यांची. आईला वाटतं मला आकडा माहीत नाही, पण आहे. उघडून दाखवू?"

"नको!" व्हर्ना इतक्या जोरात ओरडली की आतल्या पलंगाची कुरकुर बाहेर ऐकू आली.

ऱ्होडा डोळे चोळत बाहेर आली, अंगात अजून कामावरचाच निळा सदरा. तिनं ऐकून घेतलं. पोरीला आधी खोलीत पाठवलं, आणि मग जे साठलं होतं ते बोलली.

"आजच्या आज आकडा बदलते. पण एक विचारू, बाई? शाळा उघडी असली की ही दिवसभर तुमच्या डोळ्यांपुढे असते. मी बिनघोर झोपते. तुम्ही बंदुकीसाठी संप केलात, आणि माझी पोर आणून त्या बंदुकीपाशी बसवलीत. हिला आता कोण सांभाळणार? मी झोपायचं कधी?"

 याचा विचार व्हर्नाच्या मनात एकदाही आला नव्हता. सभेत हात वर करताना तिच्या डोळ्यांपुढे जोसीच होती, आणि आता जोसी घरी होती ती तिनं हात वर केला म्हणूनच. परत जाऊन वर्ग उघडावा, असंही तिला क्षणभर वाटलं. मग दुसरंच काही सुचलं.

"तू झोप," ती म्हणाली. "हिला हिच्या आजोबांकडे सोडते. शाळा त्याच्यामुळे बंद आहे, त्यालाच सांभाळू दे."

ऱ्होडा पहिल्यांदा हसली. "बघाच त्यांचं तोंड. मला फोटो पाठवा."

राजधानीपर्यंतच्या रस्त्यात जोसी अखंड बोलत होती आणि व्हर्ना गार्लंडला सांगायची वाक्यं मनात जुळवत होती. धमकी द्यायची नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. पण धमकी न देता काय बोलायचं ते ठरत नव्हतं. पोरीचं नाव घेऊन त्याला अडवायचं म्हणजे पोरीलाच पुढे करणं, आणि गप्प बसायचं म्हणजे आजवर बसलो तसंच बसणं. एक वळण ती चुकली आणि पुलावरून माघारी आली.

विधानभवनाच्या दारात पहारेकऱ्यानं जोसीच्या डब्याची पिशवीसुद्धा यंत्रातून काढली. आत लाल शर्टातले शिक्षक जिन्यांवर दाटीवाटीनं बसले होते आणि घोषणांनी कान बधिर होत होते. "बाई, ही सगळी शाळेतली माणसं आहेत?" जोसीनं विचारलं. "मग आज वर्गात कोण आहे?"

"कोणी नाही," व्हर्ना म्हणाली आणि तिचा हात घट्ट धरून चालू लागली.

गार्लंडच्या खोलीत समितीतल्या वयस्कर आमदार ओडेसा क्रम बसल्या होत्या. पक्ष त्याचाच, पण विधेयकाबद्दल त्यांचं अजून तळ्यात-मळ्यात चाललं होतं. गार्लंड उठून उभा राहिला. सत्तेचाळीस वर्षांचा झाला तरी व्हर्ना खोलीत आली की तो उठायचाच.

"बाई, तुम्हीसुद्धा? निवेदन असेल तर बाहेर त्या पोराकडे द्या, मी वाचतो."

"निवेदन नाही. नात आणलीय. शाळा बंद, आई रात्रपाळी करून झोपलेली. सांभाळ."

"अहो, अर्ध्या तासात माझी बैठक आहे!"

"मलाही मोर्चा आहे."

ओडेसाबाई खदखदून हसल्या. "असू दे रे, राहू दे तिला. ये गं इकडे." त्यांनी खुर्ची सरकवली. व्हर्नानं गार्लंडच्या बाहीला धरून त्याला खिडकीकडे वळवलं. जुळवलेली वाक्यं ओठांवर आली होती.

"केवढी गं तू?" मागे ओडेसाबाई विचारत होत्या.

"सात."

"अगंबाई! माझी पणती तुझ्याच वयाची. आणि वाढदिवस कधी असतो?"

जोसीनं ओठ घट्ट मिटले. "ते नाही सांगायचं."

"का बरं? वाढदिवस सांगितला तर केक मिळतो."

जोसीनं आजोबांकडे पाहिलं, मग खुर्चीवर गुडघे टेकून ओडेसाबाईंच्या कानाशी वाकली. दुसरीतल्या पोरांची कुजबुज नेहमी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. "कारण त्या आकड्यानं आईच्या बंदुकीची पेटी उघडते. आजोबांना वाटतं मला माहीत नाही."

 ओडेसाबाईंचा हात जोसीच्या पाठीवर होता तिथंच थांबला. गार्लंडचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं खिशातून फोन काढला, तो हातातून निसटला, खाली वाकून त्यानं तो उचलला. "ऱ्होडा? ऊठ. ती पेटी गाडीच्या डिकीत टाक आणि गावातल्या माझ्या दुकानात नेऊन दे. आत्ता. नाही, तू आधी ऊठ." फोन ठेवून तो खिडकीच्या कठड्याला टेकला. "बाई, मला वाटलं, हा आकडा ऱ्होडा कधी विसरणार नाही. बस्, एवढंच माझ्या डोक्यात होतं."

"ठाऊक आहे मला," व्हर्ना म्हणाली. तिला त्याचा राग येत होता आणि दयाही येत होती, आणि दोन्ही लपवायची ताकद तिच्यात उरली नव्हती. "जोसीला आजोबा आमदार आहेत, एक फोन केला आणि झालं. माझ्या वर्गातल्या बाकीच्या पोरांचं काय, गार्लंड? ती आज घरीच आहेत. त्यांच्यासाठी कोण फोन करणार?"

 ओडेसाबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "मला वाटतं, उद्याच्या यादीत ते कुलपाचं घ्यावं," त्या हळूच म्हणाल्या. "मी तरी बोलणार आहे."

"पास होईलच असं नाही," गार्लंड म्हणाला. त्याची नजर नातीवर होती.

"मी पास कर म्हणते का? आधी फळ्यावर तर लिही," व्हर्ना म्हणाली.

त्यानं दार उघडून बाहेरच्या कारकुनाला हाक मारली. जोसीनं पिशवीतलं एक सफरचंद ओडेसाबाईंना दिलं, दुसरं स्वतः खायला घेतलं आणि व्हर्नाचा हात ओढला. "बाई, मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही गं," व्हर्ना म्हणाली. ती खाली बसली आणि जोसीच्या पायातले दोन वेगवेगळे मोजे उगाच वर ओढत राहिली. "ते सांगायचं काम आमचं होतं."