ओला हप्ता

त्या शनिवारी सकाळी ड्रायव्हरबाई गाडी चालवताना चक्क गुणगुणत होती. शाळेच्या व्हॅनमधल्या पोरांना हे नवीनच होतं, कारण एरवी बाईंच्या तोंडून "हात आत घ्या!" याखेरीज काही निघायचं नाही.

पण आज दिवसच तसा होता. आज तिच्या व्हॅनचा छत्तिसावा हप्ता भरायचा होता, म्हणजे शेवटचा. तीन वर्षं ती ही गाडी चालवत होती, धूत होती, सीटवरच्या पोरांच्या ओकाऱ्या पुसत होती, तरी कागदावर गाडी पतपेढीकडे गहाण होती. गहाण गाडीशी शाळा थेट करार करत नसे. म्हणून मध्ये एक ठेकेदार बसला होता. हा गृहस्थ घरबसल्या तिच्या कमाईचा तिसरा हिस्सा खायचा आणि वर "बाई, डिझेल जरा जपून" असा सल्ला द्यायचा. आता शाळेनं सांगितलं होतं, की कर्ज फिटल्याचा दाखला शनिवारी एक वाजायच्या आत ऑफिसात आणून द्या, पुढच्या वर्षीचं काम थेट तुम्हाला. नाही आणलात तर ते ठेकेदाराकडेच, आणखी एक वर्ष. पतपेढीची खिडकी शनिवारी बाराला बंद व्हायची. नवऱ्याचा पगार शुक्रवारच्या पाळीनंतर हातात पडायचा, त्यामुळे आधी भरून मोकळं होण्याचा प्रश्नच नव्हता.

या घरात चार माणसं आणि चौघांची चार घड्याळं. नवरा रात्रपाळीला बेकरीत पाव भाजायचा आणि सकाळी सातला घरी येऊन आडवा व्हायचा. ती साडेसहालाच गाडी घेऊन बाहेर पडलेली असायची. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ती सासूबाईंनी दुरुस्त करून दिलेले कपडे घरोघर पोचवायची. सासूबाई मशीनवर. आणि मुलगी, वय वर्षं दहा, आईच्याच गाडीतून शाळेत. मुलीला घरात सगळे मॉनिटर म्हणत, कारण वर्गात ती मॉनिटर होती आणि घरी आल्यावरही ते पद काही सोडत नसे.

पूर्वी या घरात "गॅस सांगितला का?", "मला वाटलं तू सांगितलास" यावरून रोज एक तरी भांडण व्हायचं. शेवटी मॉनिटरनं यावर उपाय काढला. स्वयंपाकघरात तिनं दोन दोऱ्या बांधल्या. वरची 'करायचं', खालची 'झालं'. प्रत्येक कामाला कपडे वाळत घालायचा एक चिमटा. ज्यानं काम अंगावर घेतलं त्यानं चिमटा आपल्या कपड्याला लावून हिंडायचं आणि काम उरकलं की खालच्या दोरीवर आणून अडकवायचा. शेजारी तिनं पाटी लावली होती: 'विचारायचं नाही. दोरी बघायची.' घर चिमट्यांवर सुरळीत चालू लागलं. भाजीवाल्यासमोर कॉलरला तीन चिमटे लावून उभं राहायची लाज पहिल्या आठवड्यातच गेली. हप्त्याचा चिमटा लाल होता.

ड्रायव्हरबाई कपडे पोचवून अकराला घरात शिरली. दोरीकडे बघितलं. लाल चिमटा खालच्या दोरीवर!

तिनं चप्पल एकीकडे आणि पिशवी दुसरीकडे भिरकावली, मशीनवर बसलेल्या सासूबाईंना मागून मिठी मारली आणि खुर्चीसकट गदागदा हलवलं.

"अगं सुई! सुई जाईल बोटात!" सासूबाई ओरडल्या. "झालं काय तुला?"

"आई, सुटलो आपण! सुटलो!"

मग तिला दाखल्याची आठवण झाली. टेबलावर नाही, कपाटावर नाही. विचारायचं नाही हा नियम तिनं आजच्या दिवसापुरता बाजूला ठेवला आणि आत जाऊन नवऱ्याचं पांघरूण ओढलं.

"अहो, दाखला कुठे ठेवलात?"

नवऱ्यानं एक डोळा उघडला. "कुठला दाखला?"

"पतपेढीचा. हप्ता भरलात ना?"

"तू भरलास ना?" आता त्याचा दुसराही डोळा उघडला. "साडेनऊला गजर झाला तेव्हा उठलो होतो मी. बघितलं तर चिमटा खाली लावलेला. म्हटलं, बायको उरकून आली. पडलो परत."

"चिमटा तर तुमच्याकडे होता!"

"एप्रनला लावला होता. कालच बेकरीत जाताना."

मग दोघांनीही सावकाश दाराकडे मान वळवली. दारात सासूबाई उभ्या होत्या. हातातली कात्री तशीच उघडी राहिली होती.

"एप्रन मी धुतला," त्या म्हणाल्या. "आठ वाजता. चिमटा लावलेला होता, मला वाटलं काम उरकून आलाय, लावायचं राहिलं असेल. म्हणून मीच लावला खाली."

"आई," नवरा उठून बसत म्हणाला, "एप्रनच्या आतल्या बाजूला तू चोरखिसा शिवून दिला होतास. पैसे पडू नयेत म्हणून."

सासूबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे हाताळणारी बाई, खिसे उलटे केल्याशिवाय एक रुमालसुद्धा बादलीत टाकायची नाही. आणि स्वतः शिवलेला खिसा नेमका विसरली. तो इतका बेमालूम शिवला होता, की तिलाच सापडला नाही!

मागच्या दारी दोरीवर एप्रन वाऱ्यावर मजेत डुलत होता. ड्रायव्हरबाईनं खिशात हात घातला. पुडकं निघालं. एकोणीस नोटा, एकीला एक चिकटलेल्या, साबणाचा मस्त वास येणाऱ्या.

अकरा वाजून दहा मिनिटं. साडेअकराला शाळा सुटणार. पोरांना रस्त्यावर उभं ठेवता येत नाही, आणि पोरांना घेतल्यावर बाराच्या आत पतपेढी गाठायची म्हणजे शाळेपासून जेमतेम पंचवीस मिनिटं. इतर कुठल्याही दिवशी ती मटकन खाली बसली असती. पण दहा मिनिटांपूर्वी सुटल्याचा आनंद तिनं चाखला होता आणि आता तो परत द्यायची तिची अजिबात तयारी नव्हती.

"अहो, तुम्ही सायकल काढा. आडवाटेनं सरळ पतपेढी. ओल्या नोटा कुणी घ्यायचं नाही, त्या आम्ही गाडीत वाळवत आणतो. शटर खाली येऊ द्यायचं नाही. काय वाटेल ते करा."

"काय करू?"

"आडवे पडा! आडवं पडायला येतं ना चांगलं? आई, तुम्ही गाडीत. टॉवेल घ्या. आणि माझा फोन घ्या, उशीर होईल म्हणून सगळ्या आयांना सांगायचंय."

नवरा एका पायात बूट आणि एका पायात सपात घालून सायकलवर बसला.

शाळेपाशी पोरं चढली. त्या दिवशी दोघं तापानं घरी होते, म्हणून अकराऐवजी नऊच. मॉनिटर सगळ्यात शेवटी चढली आणि पुढच्या सीटवर आजीला बघून थबकली, कारण आजी या गाडीत कधी बसतच नसे. प्रत्येक सीटचं भाडं येत असताना घरच्या माणसानं तिथे बसायचं कशाला?

"आजी, तू इथे कशी?"

आजीनं टॉवेल उघडून दाखवला आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मॉनिटरला ओरडायला एवढं चांगलं निमित्त कधी मिळालं नव्हतं, पण तिनं वेळ दवडला नाही.

"सगळ्यांनी ऐका! प्रत्येकाला दोन नोटा. फुंकर मारायची. दुमडायची नाही, चुरगळायची नाही, नाक पुसायचं नाही. आणि खिडक्या बंद! एक जरी उडाली ना, तर बघा!"

नऊ गुणिले दोन अठरा, उरलेली एक आजीच्या हातात. गाडी निघाली. मागे एकच फूऽऽ फूऽऽ सुरू झालं. कोणी नोट सीटच्या पाठीला चिकटवून वही घेऊन वारा घालू लागला, कोणी गालाला लावून गरम करू लागला. एकानं "माझी वाळली, आता तुझी दे" असा व्यापारही सुरू केला. पुढे आजी एका हातानं नोट हलवत दुसऱ्या हातानं फोनवर बोलत होती. "हो, अर्धा तास उशीर होईल. हो, गाडी ठीक आहे. हो, पोरं अगदी आनंदात आहेत. काय करताहेत? अं... फुंकर मारताहेत."

सिग्नल लाल, पुढे कचऱ्याची गाडी, तिच्यापुढे एक निवांत म्हातारा मोटारवाला. ड्रायव्हरबाई हॉर्न वाजवत होती, घड्याळ बघत होती आणि तरी, खोटं कशाला सांगायचं, तिला हसू येत होतं. तीन वर्षांत हप्ता भरायला जाताना ती पहिल्यांदाच हसत होती.

बाराला चार मिनिटं कमी असताना गाडी पतपेढीसमोर थांबली. शटर कमरेइतकं खाली आलं होतं आणि त्याच्याखाली तिचा नवरा उंबरठ्यावर ठाण मांडून बसला होता. वॉचमन त्याला काकुळतीला येऊन काहीतरी सांगत होता.

"आली!" नवरा ओरडला. "म्हटलं नव्हतं, येतेय म्हणून!"

पोरांना गाडीत एकटं सोडायचं नाही, हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. मग काय, सगळी वरात आत. शटरखालून एकेक जण वाकून गेला आणि मॉनिटरनं खिडकीसमोर रांग लावली. "ढकलायचं नाही! एकानं द्यायच्या, बाजूला व्हायचं!"

कॅशियरनं चष्म्यावरून पाहिलं. खिडकीच्या काठावर एक शेंडी आणि दोन दमट नोटा दिसत होत्या.

"हे काय आहे?"

"हप्ता," शेंडी म्हणाली.

"ओल्या कशा या?"

"पैसा एकदम स्वच्छ आहे साहेब," मागून सासूबाई म्हणाल्या. "साबणानं धुतलेला."

कॅशियर हसला नाही, पण मोजायला लागला. एक-एक मूल आलं आणि बाजूला झालं. शेवटी त्यानं गठ्ठा सारखा केला, परत मोजला आणि म्हणाला, "अठरा. एक कमी आहे."

घड्याळात एक मिनिट उरलं होतं. सासूबाई टॉवेल झटकू लागल्या, नवरा धावत गाडीत जाऊन सीटखाली शिरला. मॉनिटर मात्र रांगेच्या मागे जाऊन एकेकाला विचारत सुटली आणि पहिलीतल्या सगळ्यात बुटक्या मुलीसमोर थांबली. तिनं दोन्ही हात स्वेटरवर घट्ट दाबून धरले होते.

"तू एकच दिलीस ना गं? दुसरी?"

"तिला थंडी वाजत होती," ती पुटपुटली आणि स्वेटरच्या आतून नोट काढली. अख्ख्या गठ्ठ्यात तेवढी एकच खडखडीत वाळलेली होती.

शिक्का बसला. दाखला छापून आला. ड्रायव्हरबाईनं तो वाचला नाही, नुसता छातीशी धरला आणि बुटकीचा मुका घेतला.

पुढचा पाऊण तास तिनं जशी गाडी चालवली तशी कधी चालवली नव्हती, म्हणजे अगदी सावकाश. एवढं सगळं जमल्यावर आता एखाद्या कुंपणाला गाडी घासायची हौस नव्हती. आठ दारं, आठ मुलं, प्रत्येक आईला तेच उत्तर. आणि प्रत्येक मूल उतरताना आपल्या आईला ओरडून सांगत होतं, "आई, आम्ही बाईंचं कर्ज फेडलं!"

शेवटचं मूल उतरलं तेव्हा पाऊण वाजून गेला होता. ती परत शाळेपाशी पोचली तेव्हा एकला तीन मिनिटं कमी होती. ऑफिसबाहेरच्या बाकावर नवरा बसल्याजागी घोरत होता. तो सायकलवरून थेट इथे आला होता, क्लार्कला थोपवायला, आणि जागीच लवंडला होता. क्लार्क बिचारा त्याला ओलांडून बाहेर पडावं की उठवावं या विचारात किल्ल्या घेऊन उभा होता.

"बाई, हे तुमचेच का? मघापासून 'येतेय, येतेय' करताहेत झोपेत."

तिनं दाखला पुढे केला. क्लार्कनं तो उजेडात धरला, मान डोलावली आणि कराराचा कागद काढला. त्यावर 'गाडीचा मालक' या ओळीपुढे ठेकेदाराचं नाव आधीच टाइप केलेलं होतं. बहुधा शाळाही धरूनच चालली होती, की ही बाई काही येत नाही. क्लार्क थोडा ओशाळला, त्यानं पट्टी लावून ते नाव खोडलं आणि वरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे लिहा."

तीन वर्षांत तिनं शेकडो कागद भरले होते. मालकाच्या रकान्यात पतपेढी नाहीतर ठेकेदार, आणि तिचं नाव नेहमी खाली, 'चालक' म्हणून. आता तिनं पेन टेकवलं. पहिलं अक्षर वाकडं आलं. मग तिनं स्वतःचं अख्खं नाव लिहिलं, सावकाश, एकही काना-मात्रा न गाळता. तिला इतकं बरं वाटलं, की ती तिथेच, क्लार्कच्या टेबलाला धरून, मोठ्यानं रडली. सासूबाईंनी तोच टॉवेल पुढे केला.

नवऱ्याला हलवून उठवलं, सायकल मागच्या सीटवर आडवी टाकली आणि चौघं गाडीत बसले. दुपारचा एक वाजला होता. चौघंही जागे, चौघंही एकत्र, आणि कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं. असं याआधी कधी झालं होतं, हे कुणाला आठवेना.

ड्रायव्हरबाईनं किल्ली फिरवली आणि विचारलं, "कुठे जायचं?"

हा प्रश्न या घरात इतक्या दिवसांत कुणी कुणाला विचारलाच नव्हता.

"आधी सरळ तर चल," सासूबाई खिडकीची काच पूर्ण खाली घेत म्हणाल्या, "मग मी सांगते."