हळू चालणारा पुढे

मी दातांच्या कवळ्या बनवते. बाबांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून दिवसभर बाकावर बसून लोकांचे दात घासायचे आणि मनातल्या मनात स्वतःचे दातओठ खायचे, एवढंच माझं चाललं होतं. कारण एकच, भाऊजी. ताईचा नवरा. बुटांच्या दुकानात मॅनेजर, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, आणि चालण्याचा गर्व इतका की पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तरी मोहिमेवर निघाल्याचा थाट.

जंगलातला तो धबधबा बाबांचा. म्हणजे त्यांनी हुडकलेला. खोलीएवढी जागा, वरून कोसळणारं पाणी आणि आवाज असा की शेजारच्यालासुद्धा हाक ऐकू जात नाही. तिथं जाताना बाबांचा एकच नियम होता: सगळ्यांत हळू चालणारा पुढे, दमदार माणूस शेवटी. म्हणजे मागे कुणी सुटत नाही. भाऊजींना हा नियम म्हणजे पायात बेडी. त्या दिवशी दोघंच वर गेले होते; खाली मित्र थांबले होते म्हणून भाऊजींनी बाबांना वर तसंच सोडलं आणि सरळ उतरून आले. बाबा एकटेच निघाले, घसरले, आणि लाकूडतोड्यांना सापडेपर्यंत दगडांत पडून राहिले.

घरी भाऊजी म्हणाले, "बाबा ऐकेनातच. 'तू जा, मला बसायचंय' म्हणाले. हट्ट तो हट्ट!"

बाबांनी ब्र काढला नाही. लेकीच्या संसारात काडी पडायला नको ना! हॉस्पिटलात भुलीच्या गुंगीत खरं काय घडलं ते माझ्यापाशी बरळले, तेवढंच. ताई त्यांचं सगळं करायची, पण घासागणिक त्यांच्या हट्टाचा उद्धार चालायचा. "या वयात कशाला हवी होती ही थेरं?" बाबा भिंतीकडे तोंड करून ऐकून घ्यायचे. मी ताईला खरं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुला ते पहिल्यापासून डोळ्यांत खुपतात." तेव्हा ठरवलं, आता हिला सांगायचं नाही, दाखवायचं.

"तुमच्याशिवाय मला कोण नेणार तिथं?" असं म्हणून मी भाऊजींना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि ते चढलेही. रविवारी आम्ही निघालो. अख्ख्या वाटेत मला त्यांची फक्त पाठ दिसली. धबधब्यापाशी पोचल्यावर मी ओल्या दगडावर बसले आणि घोटा धरला.

"पाय मुरगळला!" मी ओरडले. "थोडं थांबा, मग हळूहळू उतरू."

त्यांनी घोट्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी ओरडले, "तू बस निवांत. मी खालून कुणाला तरी पाठवतो." आणि गेले. खरं सांगते, मला एकच भीती होती, हा माणूस थांबला तर?

ते दिसेनासे झाल्यावर मी उठले. ओढ्याच्या कडेने बाबांची एक उभ्या उताराची वाट आहे, ती धरली. भाऊजी मोठ्या रस्त्याने वळसा घालून, चहा पीत, फोटो दाखवत येणार हे मला ठाऊक होतं. मागच्या दाराने घरात शिरले तेव्हा ताई बाबांच्या पाठीशी उशी लावत होती.

"इतक्यात? आणि हे कुठं आहेत?"

"येतायत. पाय मुरगळल्याचं सोंग केलं, तर मला वरच सोडून निघाले. मी आलेच नाही असं समज आणि मी कुठं आहे, एवढंच त्यांना विचार."

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. बऱ्याच वेळाने भाऊजी आले. ताईने माझं विचारलं, तसे बुटांच्या नाड्या सोडतासोडता म्हणाले, "ती राहिली वरच. 'तुम्ही जा, मला बसायचंय' म्हणाली. बापावर गेलीय अगदी!"

ताईची नजर एकदा माझ्या दाराकडे गेली. मग अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "बरी होती ना? पाय वगैरे ठीक?"

"ठणठणीत! उड्या मारत होती."

"मग जा आणि घेऊन या तिला."

"आत्ता? अगं, आत्ताच तर आलो!"

"आत्ता. ती आल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही." तिने बूट पायाने त्यांच्याकडे सरकवले. भाऊजी पुटपुटत बाहेर पडले आणि ताईने कडी घातली.

मी हसत बाहेर आले. मला वाटलं होतं तीही हसेल. ती बाबांच्या खाटेपाशी खाली बसली आणि त्यांच्या हातावर कपाळ टेकलं. "बाबा, मी तुम्हाला काय काय बोलले हो!" बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. माझे डोळे भरले. पण खोटं कशाला बोलू, मनात मी भाऊजींना पाहत होते. त्या पाण्यापाशी उभे राहून घसा फोडून मला हाका मारताहेत आणि कुणाला ऐकू जात नाही. मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

खिडकीतलं ऊन सरकलं. बाबांनी आम्हा दोघींकडे पाहिलं आणि त्या दिवसाबद्दल पहिल्यांदाच आपणहून बोलले. "एकट्या माणसाला तिथं फार भीती वाटते गं. मला वाटली होती. जा कुणीतरी, घेऊन या त्याला."

मी चपला शोधल्यासारखं केलं. ताई जागची हलली नाही. तिने बाबांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

"वाटू दे," ती म्हणाली.