गिळलेला प्रश्न

मी अमरदीप. तोंडाचा फटकळ, डोक्याचा गरम. तारनाक्याला रेल्वेच्या ऑफिसात आहे, तेलुगू सफाईनं बोलतो. आईला, विमलाबाईला, तीस वर्षं हैदराबादेत काढूनही तेलुगू बोलता येत नाही. म्हणून बँक असो की दवाखाना, तिच्या वतीनं मीच बोलायचो. त्याचा मला केवढा तोरा.

दोन वर्षांपूर्वी आई म्हणाली, "मूळव्याध झालीय रे बहुतेक. कोठीच्या दवाखान्यात दाखवून आणतोस?" नेलं. डॉक्टर घाईत होता. लिहिता लिहिताच त्यानं तेलुगूत मला सांगितलं, "संडासला बसल्यावर काही बाहेर येतं का, हातानं आत ढकलावं लागतं का, विचारा त्यांना."

मी आईकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर ओढून बसली होती. आता असलं काही जन्मदात्या आईला विचारायचं कसं, तुम्हीच सांगा. मी म्हणालो, "आई, बाकी सगळं ठीक आहे ना?" ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हौ."

मी डॉक्टरला सांगितलं, तसलं काही नाही. त्यानं मलम दिलं. बाहेर येऊन मी आईला उसाचा रस पाजला.

त्यानंतर आई हळूहळू घरातच राहायला लागली. रविवारी विहारात जाणं सोडलं. जेवणात अर्धी भाकरी. विचारलं की म्हणायची, भूक नाही. मला वाटलं, म्हातारपणाची नाटकं.

मागच्या उन्हाळ्यात नांदेडहून फोन आला. भिवाजीमामा शेवटचे दिवस मोजत होते आणि सारखं विमलला बोलवा म्हणत होते. आईचा एकुलता एक भाऊ. मी बसची दोन तिकिटं काढून आणली, तर ही म्हणते, "मला नक्को. तूच जाऊन ये." माझं टाळकंच सरकलं. "सख्खा भाऊ मरतोय आणि तुला घर सुटत नाही? माणूस आहेस का कोण?" असं बोललो मी तिला. मी एकटाच गेलो. दुसऱ्या दिवशी मामा गेले.

परत आल्यावर मी आईशी चार महिने धड बोललो नाही.

मग माझ्या बायकोला, रेणुकाला, गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या घड्या वाळत घातलेल्या दिसल्या. तिनं मला काही सांगितलं नाही. आईला जवळ घेऊन सरळ विचारलं आणि दिलसुखनगरच्या एका सर्जनबाईंकडे नेलं. तपासून झाल्यावर बाईंनी मला आत बोलावलं.

"ही मूळव्याध नाही," त्या म्हणाल्या. "आतड्याचं शेवटचं टोक सैल होऊन बाहेर घसरतं. अवघड बाळंतपणं, वर्षानुवर्षं कुंथणं, वय, यानं होतं असं. मलमानं काय होणार? ऑपरेशन करून ते वर ओढून टाक्यांनी धरून ठेवता येतं, या वयातही. पण उशीर झालाय. तिथला स्नायू ताणून ढिला पडलाय, संडासवर पूर्ण ताबा परत येईलच असं नाही. पहिल्यांदा दाखवलंत तेव्हा कुणी विचारलं नाही यांना?"

माझंच थोबाड फोडावंसं वाटत होतं.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी आईला पेज भरवताना मला रडू फुटलं. म्हणालो, "कोठीच्या डॉक्टरनं विचारलं होतं गं. मीच तुला विचारलं नाही."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "बोलता येत नाही, पण कळतं मला. तू विचारशील म्हणून थांबले होते. तुलाच लाज वाटली. मग मी कोणत्या तोंडानं सांगू?"

पुढं म्हणाली, "बसमध्ये कपडे भरले असते, अमर. भावाच्या दारात तशी कशी उतरू?"

मी चमचा भरला. तिनं तोंड उघडलं नाही.

"दादा काय म्हणाला रे शेवटी?"

यावेळी मी काही गिळलं नाही. "विमल माझ्यावर रुसली का, असं विचारलं त्यांनी."

"आणि तू काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, तिला यायचंच नव्हतं, मामा."

आईनं माझा हात बाजूला सारला आणि भिंतीकडं तोंड केलं.